मालक, बॅक कंप्रेशन मारायलंय!

सोलापुरात ट्रक बघायला मुद्दाम कुठं जावं लागत नाही. पुण्याहून हैदराबादला निघालेला इथूनच जातो, विजापूरहून धुळ्याकडं चाललेला इथंच चहा पितो. त्यात होटगीचं सिमेंट आहे, मार्केट यार्डातला कांदा आहे आणि दिवाळीच्या मागंपुढं गळीत सुरू झालं की रस्ताभर ऊसच ऊस. त्यामुळं शहरात ट्रकचालक, ट्रकमालक आणि ट्रकविषयी मत असणारे असे तीन वर्ग पडतात. तिसरा वर्ग सगळ्यात मोठा आहे आणि मी त्याचा आजीव सभासद आहे.

माझा अभ्यासाचा विषय मात्र छोटा. इंजिनाच्या बगलेतून निघून खाली लोंबणारी एक काळी रबरी नळी असते. गॅरेजवाले तिला ब्रीदर म्हणतात. ट्रकच्या कपाळावर लिंबू-मिरची, पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज', दारावर पोरांची नावं. यातून मालकाविषयी काही कळत नाही, कारण सगळ्यांचं तेच असतं. मालक ओळखायचा असेल तर वाकून या नळीच्या तोंडाशी काय बांधलंय ते बघावं. माणसाची कंजुषी, कल्पकता, विज्ञाननिष्ठा आणि कर्जाचे थकलेले हप्ते, सगळं तिथं एका नजरेत दिसतं.

नळीचं काम तसं साधं आहे. डिझेल इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर भडका उडतो तेव्हा तिथला दाब बाहेरच्या हवेच्या शंभरपटीपेक्षा जास्त होतो. तो खाली निसटू नये म्हणून पिस्टनला रिंगा घातलेल्या असतात. पण रिंग म्हणजे अखंड कडं नव्हे. तिला एका ठिकाणी फट ठेवावीच लागते, नाहीतर तापून फुगली की ती लायनरमध्ये अडकेल. म्हणजे कारखान्यातून कोरं निघालेलं इंजिनसुद्धा थोडी गळती घेऊनच बाहेर पडतं. आपल्याकडच्या कितीतरी ट्रकांत आलेलं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन घ्या. मिनिटाला २००० फेरे होत असताना, टर्बो नसला तरी, ते मिनिटाला ५,९०० लिटर हवा ओढतं. यातला शंभरावा हिस्सा जरी रिंगांना चुकवून खाली उतरला तरी मिनिटाला ५९ लिटर झाला. हा सगळा ऐवज खाली, जिथं क्रँक फिरतो आणि चेंबरात ऑइल साठतं, तिथं जमा होतो. त्यात जळका धूर असतो, न जळलेलं डिझेल असतं, पाण्याची वाफ असते, आणि क्रँकनं घुसळलेल्या ऑइलचं धुकं. याला बाहेरची वाट पाहिजे. ती वाट म्हणजे ही नळी.

गंमत मोजमापात आहे. पिस्टनच्या वर शंभर वातावरणांचा दाब, आणि पिस्टनच्या खाली किती चालतो? तर तो पारदर्शक नळीत पाणी भरून, पाणी किती इंच वर चढलं यावर मोजतात. वरच्या मजल्यावर तोफखाना आणि तळमजल्यावर पाण्याची पातळी बघत बसलेला कारकून, असा हा संसार आहे. रिंगा झिजल्या, लायनर खाल्लं गेलं, की वरचा माल जास्त खाली येतो, नळीतून धूर भकाभका निघतो आणि मिस्त्री जाहीर करतो, "मालक, बॅक कंप्रेशन मारायलंय."

हे वाक्य ऐकून आजवर एकाही मालकानं "का?" असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. सगळे विचारतात, "बंद कसं करायचं?" घरातल्या म्हाताऱ्याला खोकला झाला की आधी खोकला थांबवा, आमची झोपमोड होते, म्हातारा कसा आहे ते नंतर बघू, असाच हा प्रकार. नळीतून धूर येतो म्हणून नळी वाईट.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण पूर्वी कुणाला काही दिसतच नव्हतं. जुन्या इंजिनांना नुसता एक पाईप रस्त्याकडं सोडलेला असे, टोकाला तिरका कापलेला. गाडी पळू लागली की खालून जाणारा वारा त्यातला धूर ओढून न्यायचा. गाडी उभी राहिली की ओढणारं कुणी नाही, धूर आतच. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे नदीत उतरवायची वेळ आली तेव्हा असा उघडा पाईप ठेवणं म्हणजे इंजिनाला नदी पाजणं, म्हणून धूर परत इंजिनाच्याच हवेच्या वाटेत सोडायची युक्ती निघाली. पुढं कॅलिफोर्नियातल्या धुरकट हवेनं तिथल्या सरकारला जाग आली आणि १९६१च्या सुमारास तिथल्या नव्या मोटारींना ती युक्ती लागू झाली. डिझेल ट्रक मात्र सुटले. टर्बोवाल्या डिझेल इंजिनांना तर खुद्द अमेरिकेनं २००७ पर्यंत नळी उघडी ठेवायची मुभा दिली होती.

आपल्याकडं ट्रकांच्या गोष्टीची मुळं सोलापुरात आहेत, असं आम्ही सोलापूरकर मानतो. आम्ही बऱ्याच गोष्टींची मुळं सोलापुरात आहेत असं मानतो, पण इथं पुरावा आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले आणि १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. दहा वर्षांनी टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार केला. ते ट्रक आणि त्यांच्यानंतरच्या कैक पिढ्या सोलापूरच्या चौकातून तेल ठिबकवत गेल्या. जुन्या सिमेंटच्या रस्त्यावर लेनच्या बरोबर मधोमध काळा पट्टा दिसतो ना, तो वाहनांच्या पोटातून पडलेल्या थेंबांचा. गतिरोधकाच्या अलीकडं तो फिकट असतो आणि पलीकडं गडद, कारण गाडी आदळली की नळीच्या टोकाशी लोंबत असलेला थेंब सुटतो. महापालिकेनं पांढरे पट्टे मारायच्या आधीपासून गतिरोधकाची सूचना देण्याचं काम हा डाग करत आला आहे.

आता नळीच्या तोंडाकडं येऊ.

सर्वात लोकप्रिय उपाय टॉवेलचा. सोलापुरी टॉवेल म्हणजे साधी गोष्ट नाही, चादरीबरोबर त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाच्या कागदपत्रांत हा उपयोग नोंदवलेला नसावा. फाटक्या टॉवेलचा तुकडा घडी करून नळीच्या तोंडावर ठेवायचा आणि वरून तारेनं आवळायचा. पहिल्या फेरीला निकाल बघून मालक सद्गदित होतो. धूर गाळून येतो, ऑइल टॉवेलात राहतं, इंजिनाची बाजू लख्ख. टॉवेलच्या उभ्या धाग्यांचा गुणच आहे तो, द्रव पदार्थ सोडत नाहीत. दुसऱ्या फेरीला त्यात रस्त्याची माती बसते. सोलापूरची माती आणि इंजिन ऑइल यांचा जो लगदा तयार होतो तो उन्हात वाळला की छिन्नीशिवाय निघत नाही. एव्हाना गाळणीचं बूच झालेलं असतं, पण वरून बघितलं तर टॉवेल तो टॉवेलच दिसतो.

मिनिटाला ५९ लिटर येतच आहेत, आणि दार बंद. मग दाब दुसरी दारं शोधतो. आधी ऑइल मोजायची काडी आपणहून वर सरकते. क्लीनर ती दाबून बसवतो, पुढच्या मुक्कामी ती पुन्हा वर. क्लीनर म्हणतो, काडी सैल झाली, आणि तिलाही एक चिंधी गुंडाळतो. मग टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल पाझरतं. शेवटी दाब क्रँकच्या मागच्या ऑइल सीलपाशी येतो. हे सील गिअरबॉक्सच्या बाजूला असतं आणि त्याच्या पलीकडं क्लच. सील ढिलं पडलं की ऑइल क्लचप्लेटवर. सपाटीवर काही कळत नाही. तुळजापूरच्या घाटात, भरल्या गाडीत, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन ओरडतं आणि गाडी आहे तिथंच. देवी वरच असल्यामुळं नवस लगेच बोलता येतो, एवढीच सोय. सील स्वस्त असतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी ऐकून मालक पहिल्यांदा त्या टॉवेलाकडं नीट बघतो.

दुसरा संप्रदाय बाटलीचा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली चासीला तारेनं बांधायची आणि नळी तिच्या तोंडात खुपसायची. विचार चुकीचा नाही. धूर बाटलीत येऊन थंड होतो, ऑइल तळाशी बसतं, आणि शर्यतीच्या मोटारींना हजारो रुपयांचा डबा लावून नेमकं हेच करतात. फक्त धूर बाहेर जायला बाटलीला वरच्या बाजूला आणखी एक भोक लागतं. भोक पाडणारे मालक आणि न पाडणारे मालक अशी या संप्रदायात उघड फूट आहे. न पाडणाऱ्यांची बाटली फुगते आणि एखाद्या शांत रात्री ढाब्यासमोर फटाक्यासारखी सुटते. पाडणाऱ्यांच्या बाटलीत दोन-चार दिवसांनी थोडं ऑइल, थोडं पाणी आणि वर पिवळट फेस दिसतो. आमचे मामा भोक पाडणाऱ्यांपैकी होते, म्हणजे सुधारक. पण बाटली भरली की ते ती इंजिनातच परत ओतायचे. "त्यात पाणी आहे, काजळी आहे, मामा," असं सांगितलं तर म्हणायचे, "असू दे की. आपलंच आहे."

काहीजण नळीला जोड देऊन ती थेट मागच्या चाकापर्यंत नेतात. इंजिन स्वच्छ राहतं, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा शर्ट राहत नाही. शिवाय एवढी लांब नळी कुठंतरी पोट सोडतेच, आणि त्या झोळात पाणी साठतं. लडाखच्या थंडीत ते गोठून नळी चोंदते म्हणे. सोलापुरात ही धास्ती नाही. इथं मे महिन्यात पाणी गोठणं सोडाच, नळाला येणं हीसुद्धा बातमी असते.

सर्वात धोकादायक माणूस म्हणजे डिप्लोमाला असलेला भाचा. त्यानं पुस्तक वाचलेलं असतं आणि पुस्तकात लिहिलेलं खरंच असतं. तो म्हणतो, "मामा, धूर बाहेर सोडायचाच कशाला? टर्बोच्या आधी, एअर क्लीनरच्या नळीला जोडा. तिथं ओढ असते. इंजिन आपला धूर आपण खाईल." मामांना यातलं 'आपण खाईल' फार आवडतं, कारण फुकटात आहे. पण पुस्तकात पुढच्या पानावर असतं की आधी धुरातलं ऑइल वेगळं काढा आणि ओढ जास्त होऊ नये म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह बसवा. भाचा त्या पानापर्यंत परीक्षेच्या आदल्या रात्री पोचणार असतो. मधल्या काळात ऑइलचं धुकं टर्बोच्या पात्यांवर बसून भाजतं, इंटरकूलरला आतून लेप देतं, आणि नळीच्या एखाद्या वळणात साचून राहतं. मग चढावर इंजिन जोरात ओढतं आणि साचलेलं सगळं ऑइल एका घोटात आत जातं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत हवा आणि जळण आलं की झालं, मग ते जळण डिझेल आहे का त्याचंच वंगण, याची ते चौकशी करत नाही. त्यामुळं किल्ली फिरवून डिझेल बंद केलं तरी इंजिन बंद होत नाही, उलट चढत्या सुरात ओरडतं. आजूबाजूचे लोक पळतात. जुने चालक अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडतात आणि इंजिन गुदमरवतात, नाहीतर एअर क्लीनरच्या तोंडावर मिळेल ते, घोंगडं, ताडपत्री, सीटची गादी, दाबून धरायला लावतात. हात मात्र कुणी घालू नये. हे सगळं बघितल्यावर भाचा बहुधा एमपीएससीकडं वळतो.

मामांच्या गाडीची कथा मात्र वेगळ्या वाटेनं गेली. बाटली दोन दिवसांत भरू लागली. हैदराबाद रोडच्या एका गॅरेजात नेली तर तिथल्या तरुण मिस्त्रीनं सर्वमान्य परीक्षा घेतली. इंजिन चालू ठेवून ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण काढायचं आणि ते त्याच तोंडावर उलटं, नुसतं ठेवायचं. निरोगी इंजिनावर ते जरा थरथरतं. मामांच्या इंजिनावर ते टणाटणा नाचलं आणि उडून खाली पडलं. भोवती जमलेल्या तिसऱ्या वर्गानं एकमुखानं निकाल दिला: "हाफ इंजिन." म्हणजे रिंगा, बेअरिंग, पॅकिंग, झालंच तर लायनर. मामांचा चेहरा गिअरबॉक्स उतरवल्यासारखा पडला.

तेवढ्यात कोपऱ्यात कॉटन वेस्टनं हात पुसत बसलेले चाचा उठले. (हे वेस्टही आमच्याच मागांवरचं. सोलापूरचं सूत आधी चादरीत जातं आणि उरलेलं गॅरेजात.) चाचांनी चहावाल्याकडून पार्सल चहाची रिकामी प्लॅस्टिक पिशवी मागवली. बाटली काढून ती पिशवी नळीच्या तोंडाला धरली आणि मामांना केबिनमध्ये बसवून हवेच्या काट्याकडं बघायला सांगितलं. ट्रकच्या ब्रेकला हवा लागते, ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच बसवलेला असतो आणि त्याचं वंगणही इंजिनाच्याच ऑइलचं. टाक्या भरत होत्या तोवर पिशवी झटक्यात टम्म फुगायची. चाचा ती रिकामी करून पुन्हा धरायचे, पुन्हा टम्म. मग काटा वर पोचला, व्हॉल्व्ह 'फस्स' करून सुटला, कॉम्प्रेसरवरचा भार उतरला. आणि पिशवी सुस्तावली. भरता भरेना.

"मालक, ब्रेक मारा."

मामांनी दाणदाण ब्रेक मारले. काटा खाली आला, कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागला आणि पिशवी पुन्हा टम्म.

"इंजिनाचं काय बी नाही," चाचा म्हणाले. "ह्या कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात. ह्याची हवा चेंबरात उतरायली आणि नाव इंजिनाचं व्हायलंय."

तिसरा वर्ग थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यातला प्रत्येकजण "मला वाटलंच होतं" म्हणाला. कॉम्प्रेसरच्या रिंगा बदलल्या, खर्च हाफ इंजिनाच्या एका कोपऱ्यात मावला. झाकणाची परीक्षा खोटी नाही. हवा येतेय एवढं ती सांगते, कुठून येतेय ते सांगत नाही. टर्बोचं सील गेलं तरीही झाकण असंच नाचतं. तरीसुद्धा या एका नाचावर हैदराबाद रोडला किती निरोगी इंजिनं उघडली गेली असतील, याचा विचार केला की झोप लागत नाही. निदान ट्रकमालकांना लागू नये.

आता हे सगळं ज्ञान कालबाह्य होऊ लागलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि या नळीतून निघणारा धूरही हिशेबात धरला जाऊ लागला. तो इंजिनात परत पाठवा, नाहीतर सायलेन्सरच्या धुरात मिळवून मोजा. परत पाठवायचा तर आधी त्यातलं ऑइल काढणं आलं. काही इंजिनांत त्यासाठी बारीक धाग्यांचा फिल्टर असतो. काहींत चक्क गरगर फिरणाऱ्या थाळ्या असतात. जड थेंब कडेला फेकले जातात आणि स्वच्छ हवा मधून निघते. गरगर फिरवून वेगळं काढायची ही कल्पना कुठली? स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हालनं १८७८ साली दुधातून साय काढायचं यंत्र केलं, त्याची. त्याच्या नावाची अल्फा लाव्हल कंपनी, जिचा कारखाना आपल्या दापोडीला आहे, ती दूधवाल्यांनंतर ट्रकवाल्यांच्या मदतीला आली. आम्हा सोलापूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने वर्षानुवर्षं असंच गरगर फिरवून साखरेतून मळी वेगळी काढत आलेत.

मामांच्या पोरानं असा नवा ट्रक घेतला. मामा त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "नळी कुठंय?" नळी आत गेली होती. तिथं आता दाब मोजणारा सेन्सर बसलाय, त्याला टॉवेल, बाटली यांतलं काही चालत नाही. नळीशी खेळ केला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तरीही ऐकलं नाही तर इंजिन आपली ताकद स्वतःच कमी करून घेतं. ठराविक किलोमीटरला फिल्टर बदलायचा, त्याची किंमत ऐकून मामांनी सर्व्हिस सेंटरच्या पोराला विचारलं, "धुऊन चालेल का?" तो हसला. मामा हसले नाहीत.

जुना ट्रक विकायला काढला. गिऱ्हाईक जाणतं निघालं. त्यानं इंजिन चालू करायला लावून झाकण उलटं ठेवलं. झाकण जागचं हललं नाही. मग त्याचं लक्ष खाली तारेनं बांधलेल्या बाटलीकडं गेलं.

"हे काय हो?"

"एक्स्ट्रा फिटिंग," मामा म्हणाले. "त्याचे पैसे लावले नाहीत."

गिऱ्हाईकानं बाटली हलवून बघितली, वरच्या भोकातून आत डोकावलं, आणि काळजीनं विचारलं, "हे भोक बुजवून मिळेल ना?"